तोंडी मागणीचा ठराव कसा करायचा: ग्रामपंचायतीत नव्याने निवडून आलेल्या ताईंसाठी

निकालाचा गुलाल उतरला की दोन-चार दिवसांत बायका दारात यायला लागतात. एकीच्या आळीत नळाला पहाटे चारला पाणी येतं आणि साडेचारला जातं. दुसरीचा ‘पगार’ तीन महिने आलेला नाही. पगार म्हणजे संजय गांधी निराधार योजनेचे पैसे. तिसरी काहीच मागत नाही. ओट्यावर बसून राहते आणि सगळ्या गेल्या की हळूच सांगते, नवऱ्याने घराबाहेर काढलंय. तुम्ही तिघींनाही म्हणता, “बघते हं.” मनापासूनच म्हणता. पण महिन्याभरात तिन्ही गोष्टी निसटतात, कारण ग्रामपंचायतीला तोंडी काही ऐकू येत नाही. तिला कागद ऐकू येतो.

मी दोन वेळा सदस्य होते. पहिल्या दोन वर्षांत बायकांच्या एकाही मागणीचा मी ठराव करून घेतला नव्हता, आणि त्याची खंत अजून आहे. नळावरचं बोलणं महिला सभेत कसं न्यायचं, तिथून ग्रामसभेत, मग आराखड्यात आणि अंदाजपत्रकात कसं उतरवायचं, हे मला फार उशिरा कळलं. तुम्हाला पहिल्याच महिन्यात कळावं म्हणून हे सगळं लिहिते आहे.

आधी खुर्ची आणि सही

७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली आणि पंचायतींत एक-तृतीयांश जागा महिलांसाठी राखीव झाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये हे आरक्षण निम्म्यावर नेलं. म्हणजे तुमच्या सभेत साधारण अर्ध्या खुर्च्या बायकांच्या आहेत. त्या खुर्चीवर तुम्हीच बसायचं. मासिक सभा सदस्यांची आणि सचिवाची असते. नवरा, दीर, मुलगा यांचं तिथे काम नाही. घरच्यांनी सोडायला-आणायला जरूर यावं, पण दाराबाहेर थांबावं. हे पहिल्याच सभेला प्रेमाने सांगितलं तर निभतं. चार सभा झाल्यावर सांगायला गेलं की भांडण होतं.

सभेची नोटीस लेखी घ्या. विषयपत्रिकेवर काय आहे ते घरी वाचून जा, आणि प्रोसिडिंग बुकावर, म्हणजे सभेचं कामकाज लिहितात त्या वहीवर, वाचल्याशिवाय सही करू नका. कोऱ्या पानावर तर कधीच नाही. “ताई, नंतर लिहून घेतो, आत्ता सही करून टाका,” असं कितीही आपुलकीने कोणी म्हटलं तरी. लिहिलेल्या मजकुराखाली जागा मोकळी राहिली असेल तर तिथे रेघ मारायला सांगा. वाचता येत नसेल तर सभेतच मोठ्याने वाचून दाखवायला सांगण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. त्यात कमीपणा नाही.

आणखी एक. परवानगी न घेता सलग सहा महिने सभांना गैरहजर राहिलं तर सदस्यत्व जाऊ शकतं. बाळंतपण, आजारपण, ऊसतोडीला जाणं, काहीही असो, रजेचा अर्ज लेखी द्या आणि त्याची पोच घ्या.

पोच हा शब्द या लेखात पुन्हा पुन्हा येणार आहे. कुठलाही अर्ज दोन प्रतींत करायचा, एका प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्यायची, ती घरी फायलीत लावायची. सहा महिन्यांनी तुमच्या बाजूने बोलणारी तीच एक गोष्ट असते.

गाव फिरून वही भरा

पहिल्या महिन्यात एक शंभरपानी वही घ्या आणि आपल्या प्रभागातली घरं फिरा. सोबत आशाताई किंवा अंगणवाडीताई असली तर उत्तम. कोणाच्या घरात कोण बाळंतीण आहे, कोणाची मुलगी शाळेतून काढली, कोण एकटी राहते, हे त्यांना गावात सगळ्यांत जास्त ठाऊक असतं. बचत गटाच्या अध्यक्षा आणि ‘उमेद’ या सरकारी अभियानातल्या ग्रामसंघाच्या, म्हणजे गावातल्या गटांच्या संघाच्या, पदाधिकारी यांनाही भेटा.

एक सावधगिरी बाळगा. गटातल्या बायका बोलक्या असतात, पण गावातली सगळ्यांत अडलेली बाई बहुधा गटात नसते. तिच्याकडे महिन्याची बचत भरायला पैसे नसतात. गावकुसाबाहेरची वस्ती, पाडा, भट्टीवर काम करणारी कुटुंबं, शेतावरच्या वस्तीला राहणारी एकटी म्हातारी, इथे मुद्दाम जा.

“तुम्हाला काय पाहिजे?” असं विचारलं की शिलाई मशीन असं उत्तर येतं, कारण आजवर तेवढंच मिळालेलं असतं. त्याऐवजी दिवसाबद्दल विचारा. सकाळी किती वाजता उठता? पाणी कुठून आणता, किती खेपा होतात? शौचाला कुठे जाता, रात्री गेलात तर कोण सोबत येतं? मूल कोणाजवळ ठेवून कामाला जाता? दळण कुठे? मुलगी आठवीनंतर कुठल्या गावाला जाते, कशाने जाते? मी असंच विचारत गेले तेव्हा कळलं की एका आळीतल्या बायका दुपारनंतर पाणीच पीत नाहीत, रात्री बाहेर जावं लागू नये म्हणून. सार्वजनिक शौचालय होतं, पण रस्त्यावर दिवा नव्हता. ‘काय पाहिजे’ या प्रश्नाला त्यांच्यापैकी एकीनेही दिवा असं उत्तर दिलं नसतं.

वहीची मागची दहा पानं वेगळ्या यादीसाठी ठेवा: विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित, लग्न न झालेल्या प्रौढ, दिव्यांग स्त्रिया आणि एकट्या आईची मुलं. प्रत्येकीपुढे चार रकाने करा: आधार-बँक जोडलेलं आहे का, रेशनकार्ड कोणतं, घर कोणाच्या नावावर, सध्या कोणती योजना मिळते. ही यादी सगळ्यांसमोर वाचायची नाही. ज्या गावात सगळे एकमेकांना ओळखतात तिथे बाईची अडचण चावडीवर गेली की ती पुन्हा तुमच्याकडे येणार नाही.

महिला सभा

प्रत्येक ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, असा नियम आहे. वर्षाला किमान चार ग्रामसभा होतात. गावोगाव २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा पक्क्या झालेल्या आहेत. म्हणजे चार महिला सभाही झाल्या पाहिजेत. बऱ्याच गावांत त्या होतात, पण फक्त रजिस्टरवर. शिपाई घरोघर वही फिरवतो, बायका सह्या-अंगठे देतात आणि सभा ‘झाली’. हे बंद करणं हे तुमचं पहिलं मोठं काम. मला तर वाटतं, पाच वर्षांत एवढं एक झालं तरी गाव पुढे गेलं.

सभेची वेळ बायकांना विचारून ठरवा. सुगीच्या दिवसांत सकाळी अकराला सभा ठेवली तर समोर फक्त रिकामी सतरंजी असणार. संध्याकाळी स्वयंपाकाच्या आधी किंवा जेवणं झाल्यावर, मारुतीच्या देवळाऐवजी अंगणवाडीत किंवा वस्तीवरच्या समाजमंदिरात ठेवा. देवळाच्या सभामंडपात काही जणी येत नाहीत, किंवा आल्या तरी मागे उभ्या राहतात. तुम्ही नीट पाहिलंत तर कोण ते लक्षात येईल. दवंडीवर भागवू नका. बचत गटांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निरोप टाका, आणि ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्या दारात स्वतः जा.

सभेत पहिली अर्धी वेळ लहान घोळक्यांत बोलू द्या, आळीआळीप्रमाणे. सासू आणि सून वेगवेगळ्या घोळक्यांत बसतील असं पाहा. मग प्रत्येक घोळक्याच्या दोन मागण्या फळ्यावर लिहा आणि सगळ्यांनी हात वर करून क्रम लावा. वीस मागण्या पुढे नेल्या तर एकही होत नाही, तीन नेल्या तर दोन होतात.

हे सगळं त्याच दिवशी, त्याच ठिकाणी इतिवृत्तात लिहून घ्या. ग्रामसेवक, म्हणजे आता ज्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात ते, हजर नसतील तर एखाद्या शिकलेल्या मुलीला लिहायला बसवा, सह्या घ्या आणि ती प्रत दुसऱ्या दिवशी कार्यालयात देऊन पोच घ्या. महिला सभेचे ठराव ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावेत असं त्यातच एक वाक्य टाका. ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी निघते, त्यामुळे तुमची महिला सभा त्याच्या पुरेशी आधी व्हायला हवी. आदल्या दिवशी घेतली तर मागण्या ‘ऐनवेळच्या विषयां’त ढकलल्या जातात, आणि तोवर माणसं उठून गेलेली असतात.

ग्रामसभेत बायका बसल्या पाहिजेत

ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. ती झाली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. तिथे मूठभर लोक बसून निर्णय घेतात. म्हणून महिला सभेत आलेल्या चाळीस-पन्नास जणींनी ग्रामसभेलाही यायचं, हे ठरवूनच उठा. पन्नास बायका एकत्र बसल्या की शंभरची निम्मी गणपूर्ती त्यांचीच होते. मग तुमचा विषय चारच्या चहानंतर ढकलणं कोणाला सोपं जात नाही.

ठराव असा लिहून न्या, की त्यात काय, कुठे, कोणत्या पैशातून आणि कधीपर्यंत, या चारही गोष्टी येतील. “महिलांच्या समस्या सोडवण्याबाबत चर्चा झाली” हा ठराव नव्हे. नमुना असा:

“खालच्या आळीतील अंगणवाडीपासून सार्वजनिक शौचालयापर्यंतच्या रस्त्यावर रात्री उजेड नसल्याने महिलांना शौचालयाचा वापर करता येत नाही. सबब या रस्त्यावर सहा पथदिवे बसवावेत व त्याचा खर्च ग्रामनिधीतून करावा. काम ३१ डिसेंबरपूर्वी पूर्ण करावे. सूचक: … अनुमोदक: … ठराव सर्वानुमते मंजूर.”

सूचक आणि अनुमोदक दोघीही बाया असाव्यात आणि त्यांची नावं पूर्ण लिहिली जावीत. ‘अमक्याची पत्नी’ असं नको.

पैसा कुठून येतो

इथे नीट थांबा, कारण इथेच आपली फसगत होते.

ग्रामपंचायतीने घरपट्टी, पाणीपट्टी, गाळाभाडं वगैरे स्वतःच्या उत्पन्नातून १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्च करायची असते. मागासवर्गीयांसाठी १५ टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के, हेही त्याच उत्पन्नातून. स्वउत्पन्न चार लाख असेल तर तुमच्या निधीचे चाळीस हजार झाले. जानेवारीच्या सुमारास पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक होतं, त्याला नमुना १ म्हणतात. त्याची प्रत मागा आणि महिला व बालकल्याणाची ओळ शोधा. शेजारी मागच्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्चही विचारा. तरतूद चाळीस हजार आणि खर्च नऊ हजार असं दिसलं तर उरलेल्या एकतीस हजारांचं काय झालं, हा प्रश्न मासिक सभेत विचारा आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या.

यातून एक गोष्ट निघते, जी ऐकायला कोणाला आवडत नाही. घरपट्टी वसूल झाली नाही तर महिलांचा निधीही होत नाही. आपल्याच घराची पट्टी थकली असेल तर आधी ती भरा, मग बोला.

आता फसगत कुठे होते ते सांगते. तुम्ही दिवे मागितलेत, नळकोंडाळं मागितलंत, शौचालयाची दुरुस्ती मागितलीत की कोणीतरी म्हणतं, “मग घ्या ना तुमच्या दहा टक्क्यांतून.” तिथे हो म्हणू नका. रस्त्यावरचा दिवा गावाचा आहे, त्याला ग्रामनिधी आहे. पाणी आणि स्वच्छतेला वित्त आयोगाचा निधी असतो. पंधराव्या वित्त आयोगाने (२०२०-२१ ते २०२५-२६) २०२१-२२ पासून ६० टक्के निधी बंधित ठेवला, निम्मा पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी. उरलेला ४० टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे, पगार आणि आस्थापना सोडून. तुमच्या वर्षाच्या निधीचा आदेश कार्यालयात येतो, त्याची प्रत मागून टक्केवारी स्वतः वाचा. नव्वद टक्के पैसा गावाचा आणि दहा टक्के बायकांचा असा हिशेब नाही. शंभरातल्या प्रत्येक रुपयावर गावातल्या बायकांचा अर्धा हक्क आहे, आणि त्याशिवाय खास त्यांच्यासाठी दहा टक्के आहेत.

मग दहा टक्क्यांतून काय? ज्याला दुसरीकडून पैसा मिळत नाही ते. अंगणवाडीतली मोडकी खेळणी, भांडी, किरकोळ दुरुस्ती. किशोरवयीन मुलींसाठी रक्ततपासणी शिबिर आणि त्यानंतरचा औषधोपचाराचा पाठपुरावा. स्पर्धा परीक्षांची पुस्तकं असलेली मुलींची अभ्यासिका. बायकांना संगणकाचं किंवा दुचाकीचं प्रशिक्षण. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात घाईघाईने वस्तू वाटून निधी ‘संपवण्याला’ माझा विरोध आहे. ठरावीक पाच जणींना मिळालेलं मशीन घरात धूळ खातं, आणि उरलेल्या दोनशे जणींच्या मनात राग राहतो. हळदीकुंकवाचे मंडप आणि हारतुरेही या निधीतून नकोत. सण आपण वर्गणी काढून करू.

आराखड्यात नाव आलं पाहिजे

ग्रामसभेत ठराव झाला म्हणजे काम झालं, असं वाटतं. तसं नाही. वित्त आयोगाच्या पैशातलं काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात असावं लागतं. आपल्याकडे २०१५ पासून ‘आमचा गाव, आमचा विकास’ या नावाने तो आराखडा होतो. साधारणपणे २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून पुढच्या वर्षाच्या आराखड्याची तयारी सुरू होते आणि शेवटी तो ‘ई-ग्रामस्वराज’ संकेतस्थळावर चढतो. तिथे आपल्या गावाचं नाव टाकून कोणीही पाहू शकतं. तुमच्या घरातल्या कॉलेजच्या मुलीला मोबाइलवर शोधायला सांगा आणि तुमचं काम त्या यादीत आहे का, ते डोळ्यांनी पाहा. नसेल तर त्याच आठवड्यात अर्ज करा. मार्चमध्ये कळलं तर वर्ष गेलं.

आराखड्याला नऊ संकल्पना ठरवून दिलेल्या आहेत. गरिबीमुक्त गाव, आरोग्यदायी गाव, बालस्नेही गाव, जलसमृद्ध गाव अशा. त्यांतली एक महिलास्नेही गावाची आहे. गावाने कोणती संकल्पना निवडायची हे ग्रामसभा ठरवते. ती निवडून घेतली तर बायकांची कामं मागे टाकणं अवघड जातं.

‘पगारा’ची यादी

आता वहीच्या मागच्या पानांकडे. ग्रामपंचायत यातल्या बहुतेक योजनांचे पैसे देत नाही, पण बाई आणि तहसील यांच्यातलं अंतर तुम्हीच कमी करू शकता.

विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित अशा ६५ वर्षांखालच्या निराधार स्त्रियांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे, महिना १,५०० रुपये. ६५ पुढे श्रावणबाळ योजना. अर्ज तहसील कार्यालयात. कमावत्या माणसाचा १८ ते ५९ या वयात मृत्यू झाला आणि कुटुंब दारिद्र्यरेषेखालचं असेल तर राष्ट्रीय कुटुंबलाभ योजनेतून एकदाच २०,००० रुपये मिळतात. हे दुःखाच्या गडबडीत कोणाला सुचत नाही, म्हणून तेरावं झालं की तुम्ही विषय काढा. एकट्या आईच्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे, दरमहा २,२५० रुपये, आणि ती जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयाकडून होते. ही योजना खेड्यांत फार कमी जणींना माहीत असते. तुमच्या यादीत विधवा असेल आणि तिचं मूल अठराच्या आतलं असेल तर सगळ्यांत आधी याची चौकशी करा.

गरोदर बाईला पहिल्या मुलासाठी मातृवंदना योजनेत ५,००० रुपये, दुसरी मुलगी झाली तर ६,०००. पिवळ्या-केशरी कार्डावरच्या घरात १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलीला ‘लेक लाडकी’ योजनेत टप्प्याटप्प्याने १,०१,००० रुपये, त्यातले ७५,००० अठरा पूर्ण झाल्यावर. दोन्हींसाठी अंगणवाडीताईला गाठायचं.

‘लाडकी बहीण’बद्दल रोज विचारणा होईल. २०२४ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांच्या आत कुटुंबाचं उत्पन्न असलेल्या बायकांना १,५०० रुपये मिळतात. पण दुसऱ्या सरकारी योजनेतून तेवढीच रक्कम मिळत असेल तर ती बाई यात बसत नाही. निराधारचा ‘पगार’ चालू असलेल्या बाईला कोणी दोन्हीकडे अर्ज करायला लावला तर तिला आधीच सावध करा.

अर्ज कुठे अडतो? बहुतेक वेळा मृत्यूच्या दाखल्यावर. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते आणि गावात निबंधक ग्रामपंचायतीतच बसतो. वर्ष उलटून गेलं तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो, म्हणजे वकील, खेपा, खर्च. गावात मयत झाली की आठवड्यात नोंद झाली का हे तुम्ही विचारायचं, एवढी सवय लावली तरी वर्षाला दोन-तीन विधवांचे हाल वाचतात. परित्यक्तेचं दुखणं आणखी वेगळं: तिला सोडल्याचा कागद कोणी देत नाही. तिच्यासोबत तहसीलमध्ये जाऊन कोणते दाखले चालतील ते लेखी विचारा, आणि तलाठ्याच्या चौकशीच्या वेळी शेजारच्या दोघी हजर ठेवा.

आणि उत्पन्नाचा दाखला. निराधार योजनेची अट वर्षानुवर्षं २१,००० रुपयांची राहिली, म्हणजे महिन्याला १,७५०. चार दिवस खुरपणीला गेलेली विधवाही त्यातून बाहेर पडते. ही अट बदलणं ग्रामपंचायतीच्या हातात नाही, पण ती वाढवण्याची मागणी करणारा ठराव करून तहसीलदार, आमदार आणि सामाजिक न्याय विभागाला पाठवणं हातात आहे. तालुक्यातल्या दहा गावांनी तो एकाच महिन्यात पाठवला तर त्याची दखल घ्यावी लागते.

ज्या ठरावांना पैसे लागत नाहीत

घर दोघांच्या नावावर करण्याच्या शासनाच्या सूचना २००३ पासून आहेत. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीत, नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लागतं. महिला सभेत ठराव करा, एक दिवस ठरवा, कार्यालयात टेबल मांडून अर्ज भरून घ्या. सुरुवात सदस्यांनी आपल्या घरापासून करायची. नाव लागलेल्या बाईला घरातून “चालती हो” म्हणणं तितकं सोपं राहत नाही. ओट्यावर बसलेल्या त्या तिसऱ्या बाईसाठी हेच आधी झालं असतं तर बरं झालं असतं.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात ग्रामविकास विभागाने इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. असा ठराव करायचा असेल तर आधी गावातल्या विधवांशी बोला. त्यांना काय हवं, काय नको, ते त्यांनी सांगावं. ठरावानंतरच्या पहिल्या मयतीला स्वतः त्या घरी जा. ठराव टिकतो की नाही, ते तिथे ठरतं.

दारूच्या परवानाधारक दुकानाविरुद्ध नुसता ठराव पुरत नाही. २५ टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली तर गुप्त मतदान घेता येतं, आणि दुकान बंद होण्यासाठी ‘आडव्या बाटली’ला एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मतं लागतात. मतदानाला आलेल्यांच्या नव्हे, एकूण मतदारांच्या. कामासाठी बाहेरगावी गेलेल्या, लग्न होऊन गेलेल्या पण यादीत नाव असलेल्या मुली, सगळ्या त्यात मोजल्या जातात. म्हणून आधी मतदार यादी हातात घ्या, मग मागणी करा. हातभट्टीचा प्रश्न वेगळा. तिथे मतदान नाही, पोलिसांत आणि उत्पादन शुल्क विभागात लेखी तक्रार.

रात्री-अपरात्री कोणी दारात आलं तर

मारहाण होत असेल तर आधी तिची सुटका, समजूत नंतर. ११२ पोलिसांसाठी, १८१ महिला मदतवाहिनी, १०९८ मुलांसाठी. हे तीन आकडे अंगणवाडीच्या आणि शाळेच्या भिंतीवर रंगवून घ्या. जिल्ह्याला ‘सखी’ वन स्टॉप सेंटर असतं, तिथे तात्पुरता निवारा, समुपदेशन आणि कायद्याची मदत मिळते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात संरक्षण अधिकारी असतो. त्याचं कार्यालय कुठे आहे ते आजच विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. मध्यरात्री शोधायची वेळ येऊ नये.

बालविवाह थांबवण्याची जबाबदारी गावात ग्रामसेवकावर आहे, तोच प्रतिबंधक अधिकारी असतो. पत्रिका छापल्यावर लग्न मोडताना मुलीच्या वाट्याला फार येतं. म्हणून नववी-दहावीतून मुलगी शाळेत यायची थांबली की त्याच आठवड्यात तिच्या घरी जा.

झालं का, ते जाऊन पाहा

प्रत्येक मासिक सभेच्या आदल्या रात्री वही उघडा. कोणता ठराव कुठे थांबला आहे: अंदाजपत्रकाला, तांत्रिक मान्यतेला, कोटेशनला, की ठेकेदारापाशी? पुढच्या सभेत नेमकं तेवढंच विचारा. उत्तर मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. सदस्य असतानाही हा अर्ज करता येतो. तरीही हललं नाही तर गटविकास अधिकाऱ्याकडे, ठरावाची प्रत आणि सगळ्या पोचा जोडून. बायकांना सोबत न्या, पण बोलायचं कोणी आणि काय, हे एसटीत बसतानाच ठरवा.

प्रत्येक महिला सभेची सुरुवात मागच्या सभेच्या मागण्या वाचून करा. झाली, नाही झाली, का नाही झाली. नाही झालेली मागणी सांगताना अवघडल्यासारखं होतं, पण बायकांना खरं सांगितलेलं चालतं. त्या सभेला यायच्या थांबतात ते काहीच न सांगितल्यावर.

आणि कामाचं बिल मासिक सभेत मंजुरीला आलं की आधी ते काम पाहून या. दिव्यांचं बिल असेल तर दुपारी जाऊ नका. रात्री आठ वाजता, ज्या आळीने मागणी केली तिथल्या दोघींना घेऊन त्या रस्त्याने चालत जा, सहाच्या सहा दिवे मोजा, आणि मग त्यांनाच विचारा, दुपारनंतर पाणी पिता का आता.